बारा सिटिंग, नव्वद दिवस: कोथरूडमधल्या एका कंबरदुखीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मालतीबाई ७३ वर्षांच्या. नाव बदललं आहे, घरचा तपशीलही ओळख पटू नये इतपत इकडेतिकडे केला आहे. शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झाल्या. यजमान अण्णा ७६ वर्षांचे, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. राहणं कोथरूडला, मुलगा बंगळुरूला, धाकटी बहीण नंदा कित्येक वर्षं न्यू जर्सीत. मालतीबाईंना मधुमेह आहे आणि २०१९ साली हृदयात स्टेंट बसवलेला असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू असते.

मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून निवृत्त झालो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर गुरुवारी अकरा ते एक टेबल मांडून बसतो. फॉर्म भरून देणं, पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचून दाखवणं आणि बऱ्याचदा नुसतं ऐकून घेणं, एवढंच काम.

त्यांच्याकडे आरोग्यविमा म्हणावा अशा दोन गोष्टी होत्या. एक, बँकेच्या निवृत्तांची गट मेडिक्लेम. तिचा प्रीमियम दरवर्षी वाढतो आणि अण्णा दरवर्षी चिडून भरतात. दुसरी, ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी उत्पन्नाची अट न घालता २९ ऑक्टोबर २०२४ला सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड. त्यात कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं. खासगी मेडिक्लेम असली तरी हे कार्ड काढता येतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्ययोजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) वाल्यांना मात्र दोन्हींतलं एकच निवडावं लागतं.

अडचण

२०२४च्या नवरात्रात कंबर धरली ती सुटेचना. एक्स-रेत मणक्यांची वयानुसार झीज दिसली, त्यापलीकडे काही नाही. फॅमिली डॉक्टरांनी विचारायचं ते सगळं विचारलं: पायात बधिरपणा, लघवीवर ताबा, ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. सगळ्यांना उत्तर नाही. हाडांची घनता तपासली, ती कमी निघाली, पण मणका कुठे दबलेला नव्हता.

खरं संकट निराळंच होतं. मालतीबाई कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची पट्टी आणून दोन महिने रोज एक गोळी घेत होत्या. जानेवारीच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आला की रक्तात वाढणारा आकडा, ०.९वरून १.४वर गेलेलं दिसलं. मधुमेही मूत्रपिंड, त्यात हे औषध, शिवाय रक्त पातळ करणारी गोळी. डॉक्टरांनी ती पट्टी त्यांच्यासमोरच कचऱ्याच्या डब्यात टाकली. आता गोळीशिवाय कंबर सांभाळायची होती.

त्याच रविवारी नंदाचा व्हिडिओ कॉल आला. "अगं ताई, मी कंबरेसाठी अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया घेतेय की! आमच्या मेडिकेअरमध्ये बसतं. तुमच्याकडेही आता सरकारी कार्ड निघालंय ना?"

गुरुवारी दोघं माझ्या टेबलाशी हजर. अण्णांनी कार्ड समोर ठेवलं आणि म्हणाले, "यात अ‍ॅक्युपंक्चर बसतं का, तेवढं बघा."

पहिलं वळण, आणि माझी चूक

उत्तर मला तिथल्या तिथे देता यायला हवं होतं. वय वंदना कार्ड आयुष्मान भारतचंच असल्यामुळे रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. त्यात ओपीडी येत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तेच. पण मी तीस वर्षं खासगी क्लेम पाहिलेला माणूस. सरकारी योजनेबद्दल उगाच ठामपणे बोलू नये असं वाटलं आणि म्हणालो, "संलग्न रुग्णालयात योजनेची माहिती द्यायला आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारून या."

दोन रुग्णालयं झाली. दुसऱ्या ठिकाणचा आरोग्यमित्र पंचविशीचा, अदबीने बोलणारा मुलगा होता. त्याने एकच विचारलं, "काकू, अ‍ॅडमिट कशासाठी व्हायचंय?"

"अ‍ॅडमिट कुठे? सुया टोचून घ्यायच्यात आणि घरी जायचंय."

"मग या कार्डावर नाही होणार."

एवढ्यासाठी जवळजवळ तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत कंबर आणखी आखडली.

नंदाचं मेडिकेअर म्हणजे नेमकं काय

अण्णांना ते पटेना. अमेरिकेतलं सरकार देतं, मग आपलं का नाही? म्हणून मी मेडिकेअरचा नियम काढून वाचला, आणि प्रकरणाला पुढे जी दिशा मिळाली ती या वाचनातून.

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेत ६५ वर्षांवरच्यांसाठी असलेला सरकारी विमा. त्याने अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च देणं जानेवारी २०२० पासून सुरू केलं, तेही एकाच दुखण्यासाठी: बारा आठवडे किंवा अधिक काळ टिकलेली कंबरदुखी, जिच्यामागे कर्करोग, संसर्ग किंवा दाहाचा आजार असं ठरावीक कारण नाही आणि जी शस्त्रक्रियेशी संबंधित नाही. गुडघा नाही, मान नाही, खांदा नाही. ९० दिवसांत १२ सिटिंग. सुधारणा दिसली तर आणखी ८. वर्षाला २०च्या वर नाहीत. सुधारणा नसेल किंवा दुखणं वाढत असेल तर उपचार थांबवायचे. सुया टोचणाऱ्याला मेडिकेअरकडे थेट बिल लावता येत नाही, डॉक्टरांच्या मार्फतच यावं लागतं. वर्षाची ठरावीक रक्कम आधी स्वतः भरल्यावर उरलेल्या मान्य खर्चाचे २० टक्केही रुग्णाने द्यायचे. नंदाने फोनवर ही २० टक्क्यांची गोष्ट सांगितली नव्हती. आपल्या माहेरच्यांना कोण सांगतं म्हणा.

आणि हा विमा अमेरिकेबाहेर, अगदी थोडे अपवाद सोडले तर, चालत नाही. म्हणजे उद्या नंदा पुण्यात येऊन राहिली तरी कोथरूडच्या सुयांचे पैसे तिलाही मिळायचे नाहीत.

नियम वाचताना मला मौज वाटली. पैसे कोण देतं यावर आम्ही तीन आठवडे घातले होते. किती सिटिंग, किती दिवसांत, कशावरून चालू ठेवायचं आणि कधी थांबायचं, हे मात्र आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.

समोरचे पर्याय

मेडिक्लेमची पॉलिसी मी पूर्ण वाचली. विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवा असं कंपन्यांना सांगितलं आहे. पण आयुषमध्ये आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. सुया त्यात नाहीत. गंमत अशी की केंद्र सरकारने २०१९ साली अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे आणि महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळा कायदा आणि परिषदही आहे. मान्यता एका खात्याची, विमा दुसऱ्याचा, मध्ये रुग्ण. अण्णांच्या पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत एक ओळच होती: अ‍ॅक्युप्रेशर, अ‍ॅक्युपंक्चर, चुंबकोपचार.

दुसरा पर्याय फिजिओथेरपीचा. ससूनला केसपेपर काढून ती अगदी स्वस्तात होते, आणि मेट्रोने आनंदनगरहून पुणे स्टेशनला उतरलं की ससून जवळच. पण आधी रांग, मग बाकडं, मग परत रांग. उभं राहवत नाही म्हणून उपचार घ्यायचे, त्यासाठीच तासभर उभं राहायचं. घराजवळ खासगी फिजिओ होती, सिटिंगला ४०० रुपये.

तिसरा पर्याय अण्णांनी स्वतः शोधून आणला, आणि या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय तोच ठरला.

दुसरं वळण: तीन दिवस, दोन रात्री

वर्तमानपत्रातून एक पत्रक आलं होतं. एका उपचार केंद्राचं, नाव इथे देत नाही. तीन दिवस, दोन रात्री, पंचकर्म, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर, आणि खाली ठळक अक्षरांत "मेडिक्लेम चालतो". पॅकेज ३८,५०० रुपयांचं. अण्णांनी फोन केल्यावर तिथल्या मुलीने सरळ सांगितलं, "काका, कागदावर कटिबस्ती लिहू, कंबरेवर तेल ठेवायचा आयुर्वेदिक उपचार. सुया त्यातच धरू."

अण्णांचं म्हणणं ठाम होतं. इतकी वर्षं प्रीमियम भरतोय, कधी तरी वसूल नको का व्हायला? आणि खरं सांगायचं तर या वाक्यावर मलाही लगेच उत्तर सुचलं नाही. प्रीमियम वाढत जातो, उपयोग होत नाही, ही चीड खोटी नव्हती.

मी त्यांना नियम आधी सांगितले. आयुष रुग्णालय म्हणायला किमान पाच खाटा हव्यात, चोवीस तास पात्र वैद्य हवा, रोजच्या नोंदी हव्यात. नुसत्या तपासणीसाठी किंवा विश्रांतीसाठी दाखल झाल्याचे पैसे कुठलीच सर्वसाधारण पॉलिसी देत नाही. अण्णा ऐकत होते, पण बँकेतला माणूस नियमांना भीत नाही, त्यातून वाट काढण्यातच त्याचा जन्म गेलेला असतो.

मग मी क्लेम खात्यात असताना माझ्याकडे आलेली एक जुनी फाइल सांगितली. अशाच पॅकेजची. इनडोअर पेपरवर तीन दिवस दर चार तासांनी ताप ९८.४, नाडी ७८, सगळं एका पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारखं. तेवढ्यावर फक्त संशय आला होता. पण महिना नोव्हेंबरचा होता. रुग्णालयात 'दाखल' असलेल्या त्या गृहस्थांनी त्याच तीन दिवसांतल्या एका दुपारी बँकेत जाऊन पेन्शनसाठी हयातीचा दाखला दिला होता, सही-शिक्क्यासह.

अण्णा एकदम गप्प झाले. काउंटरच्या पलीकडे बसून त्यांनीही असे शेकडो दाखले घेतलेले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे पकडलं आमच्याच माणसाने."

खोटा क्लेम उघडा पडला की तेवढाच नाकारून भागत नाही, पॉलिसीच रद्द होऊ शकते. स्टेंट असलेल्या ७३ वर्षांच्या बाईला नवी पॉलिसी कोण आणि कितीला देणार? पॅकेजचा विषय तिथे संपला. मालतीबाई तोवर काहीच बोलल्या नव्हत्या. जाताना म्हणाल्या, "मला मुळात तीन दिवस तिथे झोपायचंच नव्हतं."

हे त्यांना आधी कोणी विचारलंच नव्हतं.

काय केलं

खर्च खिशातून करायचा ठरलं आणि मेडिकेअरचा नियम घरगुती शिस्त म्हणून उसना घेतला. बारा सिटिंग, नव्वद दिवसांच्या आत. सहाव्याला आढावा. बाराव्याला सुधारणा नसेल तर थांबायचं, असेल तर फार तर आणखी आठ.

सुधारणा मोजायची कशी? दुखणं दहापैकी किती, असं विचारलं की मालतीबाई रोज पाच सांगत. पाहुणे आले की चार. मग त्यांनीच माप काढलं. ओट्याशी उभं राहून सलग किती पोळ्या होतात? सध्या चार. चौथी तव्यावरून उतरली की खुर्ची लागते. तो आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहायचा, दुधाच्या हिशोबाशेजारी. अमेरिकेतल्या अभ्यासांत यासाठी प्रश्नावल्या असतात. आमच्याकडे पोळ्या होत्या, आणि मला तरी त्या जास्त भरवशाच्या वाटल्या.

कर्वे रस्त्याजवळ एक डॉक्टर अ‍ॅक्युपंक्चर करतात. परिषदेकडची नोंदणी भिंतीवर लावलेली, शेजारी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो. (सोलापूरच्या कोटणीसांनी चीनमधून ही विद्या आणली असा सर्रास समज आहे. ते १९३८ला वैद्यकीय पथकातून गेले ते शल्यविशारद म्हणून, आणि १९४२ला तिकडेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी कोलकात्यात ते रुजवलं. फोटो मात्र कोटणीसांचाच लागतो.) डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं ते रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल. फॅमिली डॉक्टरांनी ती कुठल्याही कारणाने बंद करायची नाही असं बजावलं होतं, आणि यांचंही तेच मत पडलं.

मार्च २०२५च्या पहिल्या आठवड्यात सुरुवात झाली. ६०० रुपये सिटिंग. सीलबंद पाकिटातल्या, एकदाच वापरायच्या चौदा सुया, पंचवीस मिनिटं. मालतीबाई उताणं-पालथं होताना कण्हत, पण सुयांना बिचकत नव्हत्या. सुया काढताना मात्र मोठ्याने मोजत. चौदा आत, चौदा बाहेर. डॉक्टर हसले तेव्हा म्हणाल्या, "शिवणाच्या वर्गात एक सुई कमी भरली की चाळीस मुली जमिनीवर रांगायच्या. सवय आहे."

तिसऱ्या सिटिंगनंतर डाव्या बाजूला रुपयाएवढा काळानिळा डाग पडला. गोळीमुळे तसं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं असल्यामुळे घबराट झाली नाही. पुढे त्या बाजूला सुया कमी केल्या.

याच सुमारास फॅमिली डॉक्टरांच्या सांगण्यावरून फिजिओथेरपिस्टकडून पाच व्यायाम शिकून घेतले आणि घरी रोज सकाळी सुरू केले. याबद्दल पुढे लिहितो.

सहाव्या सिटिंगला सहा पोळ्या. बाराव्याला नऊ.

तिसरं वळण: बाराव्यानंतर

बारावं सिटिंग संपल्यावर रिसेप्शनवरून २० सिटिंगचं सवलतीतलं पॅकेज पुढे आलं, पैसे आगाऊ. नऊ पोळ्यांच्या आनंदात मालतीबाई पर्समध्ये हात घालत होत्या. अण्णांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर माझ्या अक्षरात नियम होता: फार तर आठ, तेही एकेक करून. डॉक्टरांनी तो वाचला आणि मान्य केला, पण जरा अवघडून. हा कागद त्यांना पहिल्याच दिवशी दाखवायला हवा होता.

आणखी चार सिटिंग झाली. नऊ, दहा, नऊ, नऊ. सोळाव्यानंतर थांबले.

निष्पन्न

सोळा सिटिंगचे ९,६०० आणि रिक्षाचे जाऊन-येऊन १४० प्रमाणे २,२४०, असे ११,८४० रुपये गेले. विम्यातून शून्य. अण्णांनी जुन्या करप्रणालीत कलम ८०डीखाली वजावट मिळेल का ते पाहिलं. ज्येष्ठांच्या औषधोपचाराच्या खर्चाची ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट आरोग्यविमा नसलेल्यांसाठी आहे. यांचा विमा होता. म्हणजे विमा असून पैसे नाहीत आणि विमा असल्यामुळे सवलतही नाही. त्या दिवशी अण्णांचा चहा माझ्या टेबलावर तसाच गार झाला.

तरीही त्यांनी सगळी बिलं मेडिक्लेमला पाठवलीच. नाकारल्याचं पत्र आलं. विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर वाट पाहायची आणि नकार आल्यापासून वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचं. अण्णांची तयारी होती. मी नको म्हणालो, कारण वगळलेल्या यादीतली ती ओळ स्वच्छ होती आणि उपचार ओपीडीतले होते. लोकपालांकडे जाण्यासारखी प्रकरणं माझ्याकडे दुसरी आहेत, जिथे कंपनीने स्वतःचाच नियम मोडलेला असतो.

क्रिएटिनिन जूनमध्ये १.१वर उतरलं. ही सगळ्यात मोठी कमाई, आणि तिचं श्रेय सुयांना जात नाही, बंद झालेल्या पट्टीला जातं.

काय वेगळं करता आलं असतं

सुयांनी किती फरक पडला आणि व्यायामाने किती, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही एकाच पंधरवड्यात सुरू झाले. मालतीबाईंना याचं काही नाही, त्यांना पोळ्या उभ्याने लाटता आल्या की झालं. पण दुसरं कोणी माझ्याकडे येऊन "सुयांनी गुण येतो का" विचारेल तेव्हा या प्रकरणाचा दाखला मला देता येणार नाही. आधी तीन आठवडे नुसते व्यायाम, मग सुया, असं केलं असतं तर बरं झालं असतं. तज्ज्ञांतही एकमत नाही. कुठला उपचार द्यावा याचे सल्ले ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका म्हटलं, तर अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ साली औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत ते घेतलं. ६५ वर्षांवरच्या ८०० जणांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०२५च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड मिळालेल्यांची स्थिती सहा महिन्यांनी अधिक बरी दिसली, फरक माफक. आमचं सगळं तेव्हा आटोपलेलं होतं.

सुरुवातीचा आकडाही कच्चा राहिला. चार पोळ्या ही फक्त दोन दिवसांची मोजणी. त्यातला एक दिवस संकष्टीचा, रात्रीपर्यंत उपाशी. किमान आठवडाभर मोजायला हवं होतं. आणि किती पोळ्या वाढल्या तर 'सुधारणा' म्हणायची, हे आधी ठरवलंच नाही. बाराव्यानंतर पाच पोळ्यांची वाढ उघड दिसली म्हणून निभावलं. एकच वाढली असती तर पुढची आठ सिटिंग घ्यायची की नाही यावर आमचं भांडण झालं असतं.

माझ्या टेबलावर आता कोणी कार्ड पुढे ठेवलं की मी पहिल्यांदा विचारतो, "दाखल व्हावं लागणार आहे का?" त्या आरोग्यमित्राकडून शिकलेला प्रश्न.

अण्णांनी निवृत्तांच्या संघटनेला पत्र लिहिलं आहे: नूतनीकरणाच्या वेळी ओपीडीसाठी वर्षाला १०,००० रुपयांची तरतूद मागावी, प्रीमियम थोडा वाढला तरी चालेल. प्रीमियम वाढवा असं अण्णांनी लेखी देणं, यावर मालतीबाई अजून हसतात. पत्राला उत्तर आलेलं नाही. पोळ्या नऊवरच आहेत, दहावीपासून अण्णा भाजायला उभे राहतात.